लेकरू गप्प झालंय, सारखं चिडतंय? ‘वयाचा परिणाम’ म्हणून सोडू नका. मुलांमधलं नैराश्य असं ओळखा

छत्रपती संभाजीनगर : छावणीच्या गुरुवारच्या बाजारात बैल घेताना शेतकरी आधी काय बघतो? वैरण खातोय का, रवंथ करतोय का, डोळे तरतरीत आहेत का. जनावर मुकं, म्हणून त्याचं दुखणं वागण्यावरून ओळखावं लागतं. लेकरांच्या मनाचंही तसंच आहे. ‘मला नैराश्य आलंय’ असं कोणतंच पोरगं घरी येऊन सांगत नाही.

बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातील सुमारे ७ टक्के मुलांमध्ये कोणता ना कोणता मानसिक आजार आढळला. नैराश्य हा त्यातलाच एक.

कोणती लक्षणं बघायची?

मोठ्या माणसाला नैराश्य आलं की चेहरा उतरतो. मुलांमध्ये मात्र ते बऱ्याचदा रागाच्या रूपात दिसतं. म्हणूनच घरचे ‘पोरगं बिघडलं’ म्हणतात.

- साध्या बोलण्यावर चिडणं किंवा विनाकारण रडू येणं
- आवडता खेळ, मित्र-मैत्रिणी सोडून कोपऱ्यात बसणं
- झोप आणि भूक खूप कमी किंवा खूप जास्त होणं
- शाळेत जायच्या वेळी पोट किंवा डोकं दुखणं, पण तपासणीत काही न निघणं
- अभ्यासात लक्ष न लागणं, मार्क एकदम घसरणं
- ‘मी काही कामाचा नाही’, ‘मी नसते तर बरं झालं असतं’ असं बोलणं

परीक्षेत मार्क कमी पडले, दोन दिवस तोंड पाडून बसलं आणि तिसऱ्या दिवशी खेळायला गेलं, तर ती साधी उदासी. पण अशी लक्षणं दोन आठवडे जवळपास रोज दिसत असतील आणि शाळा, घर, खेळ सगळंच बिघडत असेल, तर डॉक्टरांना दाखवा. मरणाची भाषा ऐकली तर मात्र एक दिवसही थांबू नका.

बोलायचं कसं?

चारचौघांत नको. शेतावर जाताना, स्वयंपाक करताना निवांत विचारा, ‘बाळा, हल्ली तू गप्प असतोस, काय होतंय?’ मग मध्ये न बोलता ऐका. ‘तुला काय कमी आहे?’, ‘नाटकं करू नको’ ही वाक्यं टाळा. त्यानं लेकरू पुन्हा तोंड उघडत नाही. जीव द्यायचा विचार येतो का, हेही सरळ विचारा. विचारल्यानं तो विचार डोक्यात भरत नाही, उलट मनावरचं ओझं हलकं होतं. अशा वेळी मुलाला एकटं सोडू नका. फवारणीचं औषध आणि उंदराचं औषध कुलपात ठेवा, किल्ली स्वतःजवळ ठेवा.

दाखवायचं कुठं?

गावातल्या आशाताईंना किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना आधी विचारता येईल. रक्त कमी असणं किंवा थायरॉईडचा त्रास यामुळेही मूल मलूल होतं, त्यामुळे तपासणी गरजेचीच. छावणीत बाजाराला येणाऱ्यांना घाटी रुग्णालय जवळ आहे. तिथं मनोविकार विभाग आहे.

घरबसल्या बोलायचं असेल तर केंद्र सरकारच्या ‘टेलि मानस’ सेवेचा १४४१६ हा मोफत नंबर आहे. २०२२ मध्ये सुरू झालेली ही सेवा २४ तास चालू असते आणि मराठीतही बोलता येतं. अडचणीतल्या मुलांसाठी १०९८ हा नंबरही आहे.

बहुतेक मुलं समुपदेशनानं, गरज पडली तर गोळ्यांनी सुधारतात. गोळ्या डॉक्टरांना न विचारता मध्येच बंद करू नका. अंगारे-धुपाऱ्यात आणि ‘लोक काय म्हणतील’ यात महिने घालवले, तर दुखणं वाढत जातं. जनावरानं एक दिवस वैरण सोडली तरी आपण डॉक्टर बोलावतो. लेकरासाठी तेवढी घाई करायलाच हवी.