कणा वाकडा असेल तर व्यायाम कसा द्यावा?

स्कोलिओसिसमध्ये कणा बाजूला वाकतो, शिवाय मणके स्वतःभोवती फिरतात. एक्स-रेवर कण्याचा वाक मोजणारा कॉब कोन किमान 10 अंश भरला तरच निदान पक्के. प्रशिक्षकाने आधी पाय जुळवून, गुडघे ताठ ठेवून पुढे वाकायला सांगावे आणि मागून पाहावे; एका बाजूच्या बरगड्या वर आलेल्या दिसतात. म्हणूनच दोन्ही बाजूंना सरसकट सारखा व्यायाम पुरत नाही. जर्मनीच्या कॅथरिना श्रोथ यांनी स्वतःच्याच व्यंगावर पद्धत शोधली: कणा उंच ताणायचा, खोलगट बाजूच्या बरगड्यांत श्वास भरायचा. वजन घेऊन कंबर पिळणे टाळावे. पोहणे उत्तमच, पण त्याने कणा सरळ होत नाही. पायांत बधिरपणा किंवा अशक्तपणा जाणवला, तर व्यायाम थांबवून लगेच अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा.