गर्भांतील पेशींना वळण कसें लागतें ?

घरांत बाळ जन्मास आलें कीं नाक आजीचें कीं आत्याचें, ही चर्चा बारशापर्यंत पुरते. परंतु ज्या एका पेशीपासून तें बाळ वाढलें, तिच्यांतून नाक निराळें व डोळा निराळा झाला कसा, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. गर्भोपनिषदांत गर्भाच्या अवस्था रात्री व मास मोजून सांगितल्या आहेत. त्यांमागील कारणांचा उलगडा मात्र गेल्या शतकांत होऊं लागला.

ती पहिली पेशी दुभंगते; एकीच्या दोन, दोहोंच्या चार होतात. प्रत्येक विभागणींत जनुकांची संपूर्ण नक्कल दोन्ही पेशींस मिळते. मनुष्याच्या ठायीं प्रथिनें घडविणारीं अशीं सुमारें २०,००० जनुकें आहेत. म्हणजे मेंदूच्या पेशीजवळ यकृताचींही जनुकें असतात. मग भेद कशाचा ? वापराचा. पाणिनीय व्याकरणाचा विद्यार्थी अष्टाध्यायींतील जवळजवळ ४,००० सूत्रें मुखोद्गत करतो. परंतु एखादें रूप साधतांना त्यांतील मोजकींच सूत्रें प्रवृत्त होतात. पेशींतही कांहीं जनुकें जागीं होतात, बाकीचीं निजून राहतात.

त्यांस जागें कोण करतें ? कांहीं जनुकांपासून होणारीं प्रथिनें इतर जनुकांवर जाऊन बसतात व त्यांस चालना देतात किंवा आवरतात. शेजारच्या पेशींचे संदेशही येत असतात. कांहीं जनुकांची सत्ता तर अधिकारसूत्रासारखी दूरवर चालते. १९९५ सालीं स्वित्झर्लंडांतील बाझल येथें वाल्टर गेरिंग व त्यांचे सहकारी यांनीं फळमाशीच्या डोळ्याचें असें जनुक, अळीच्या शरीरांत जेथें पुढें पाय व पंख व्हावयाचे, तेथें चेतविलें. माशी झाली तों पायांवर व पंखांवर डोळे !

मग निजलेलीं जनुकें कायमचींच निजतात काय ? १९६२ सालीं ऑक्सफर्डच्या जॉन गर्डन यांनीं बेडकाच्या शेपटीवाल्या पिलाच्या आंतड्यांतील पेशीचें केंद्रक घेतलें व ज्याचें स्वतःचें केंद्रक निकामी केलें होतें अशा अंड्यांत घातलें. बहुतेक अंडीं फुकट गेलीं. थोड्यांतून मात्र पोहणारीं पिलें निपजलीं. आंतड्याच्या पेशीजवळ सबंध बेडकाची विद्या शाबूत होती ! २००६ सालीं क्योटोच्या शिन्या यामानाका यांनीं उंदराच्या शेपटीच्या टोंकावरील पेशींत केवळ चार जनुकें घालून त्यांस गर्भपेशींसारखें बाल्य परत दिलें. २०१२ सालीं दोघांस मिळून नोबेल पारितोषिक देण्यांत आलें.

याच गर्डन यांस १९४९ सालीं, ईटनच्या शाळेंत असतांना, जीवशास्त्रांत २५० मुलांत शेवटचा क्रमांक मिळाला होता. आणि शास्त्रज्ञ होण्याची त्यांची इच्छा हास्यास्पद आहे, असा शेरा गुरुजींनीं लिहिला होता. तो कागद त्यांनीं जन्मभर जपला.

हें वाचून आम्ही अस्वस्थ झालों. आम्हींही तीस वर्षें प्रगतिपुस्तकें लिहिलीं. ‘गणितांत गति नाहीं’ असा शेरा ज्यास दिला, तो विद्यार्थी पुढें स्थापत्यविशारद झाला आणि आमच्या निवृत्तीनंतर नमस्कारास आला. त्यानें त्या शेऱ्याचा उच्चारही केला नाहीं. आठवला तो आम्हांसच. मूल म्हणजे पेशी नव्हे, हें आम्ही जाणतों. तथापि घरांतील वडील मंडळींनीं एखाद्या मुलाविषयीं ‘ह्याच्यांत तें नाहींच’ असें म्हणण्यापूर्वीं, तें नाहीं कीं अद्याप निजलेलें आहे, एवढा विचार अवश्य करावा.