लाड, घाडगे आणि जुहू

वाशीम जिल्ह्यात विमानतळ नाही, पण भलतीकडे उतरणं म्हणजे काय हे आम्हाला कुणी शिकवायला नको. आमचं कारंजा म्हणजे कारंजा लाड, नृसिंह सरस्वतींचं जन्मस्थान. दुसरं कारंजा वर्धा जिल्ह्यात, नागपूर-अमरावती रस्त्यावर. ते कारंजा घाडगे. गुरुमंदिराला निघालेल्या परगावच्या माणसानं नुसतं ‘कारंजा’ म्हणून तिकीट काढलं, तर घाडग्यांच्या स्टँडवर उतरून तो मंदिराचा रस्ता विचारत बसेल. मालेगावचंही तेच. आमचं मालेगाव जहांगीर, नाशिक जिल्ह्यातलं नुसतंच मालेगाव. एसटीचा प्रवासी निदान परतीची गाडी धरू शकतो. विमान उतरलं की उतरलं.

महाराष्ट्रात हे दोनदा घडलं, आणि दोन्ही वेळा मुंबईत जुहूला.

जुहूची धावपट्टी १९२८ पासूनची. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन इथंच उतरले. त्यांच्या पस मॉथसारख्या छोट्या विमानाला ती पुरून उरायची. पुढं विमानं वाढली, वजनं वाढली, आणि जवळच सांताक्रूझला मोठा विमानतळ झाला. जुहू मात्र तिथंच राहिलं. घोळाचं बी इथं आहे. सांताक्रूझच्या मुख्य धावपट्टीवर समुद्राकडून उतरायला येणाऱ्या वैमानिकाला तिच्या साधारण दोन किलोमीटर अलीकडे, किंचित डावीकडे, आधी जुहूची धावपट्टी दिसते. तिची दिशाही जवळपास तीच. धावपट्टीच्या टोकाला रंगवलेला आकडा म्हणजे होकायंत्रावरच्या अंशांचा दहावा भाग. सांताक्रूझला ०९, जुहूला ०८. एवढासा फरक कॉकपिटमधून डोळ्याला कळत नाही.

१५ जुलै १९५३ रोजी बीओएसी या ब्रिटिश कंपनीचं कॉमेट जुहूला उतरलं. कॉमेट म्हणजे जगातलं पहिलं प्रवासी जेट, त्या काळाचं अप्रूप. त्याच वर्षी २ मे रोजी कलकत्त्याजवळ एक कॉमेट वादळात मोडून ४३ माणसं गेली होती. जुहूचं कॉमेट धडधाकट राहिलं, पण अडकलं. आखूड पट्टीवरून जेट पुन्हा उडवायचं कसं? नऊ दिवसांनी ते तिथूनच उडवून नेण्यात आलं. चुकून उतरलेलं विमान नीट परत नेणं हे मला उतरण्यापेक्षा मोठं कसब वाटतं, पण कौतुक नेहमी चुकीच्याच वाट्याला येतं.

एकोणीस वर्षांनी नशीब तेवढं उदार नव्हतं. २४ सप्टेंबर १९७२. जपान एअरलाइन्सची फ्लाइट ४७२ लंडनहून तोक्योला निघालेली. वाटेत तेहरान करून मुंबईला येत होती. डीसी-८ जातीचं चार इंजिनांचं जेट, आत १२२ माणसं. सकाळी धावपट्टी डोळ्यांनी बघून उतरायची परवानगी मिळाली. वैमानिकांना धावपट्टी दिसली आणि ते उतरले. ती जुहूची होती, जेमतेम पावणेचार हजार फुटांची. पट्टी पुरली नाही, विमान टोकापलीकडे गेलं आणि कायमचं निकामी झालं. मृत्यू एकही झाला नाही. जपान एअरलाइन्सला ते वर्षच वाईट गेलं: जूनमध्ये दिल्लीला पालमजवळ तिचं एक विमान कोसळलं, नोव्हेंबरमध्ये मॉस्कोत दुसरं. त्या दोन आपत्तींच्या मध्ये जुहूचा प्रकार सापडतो, म्हणून त्याची आठवण पुसट झाली असावी.

अशा वेळी ‘इतके शिकलेले वैमानिक, दिसत नाही का?’ असं आपण पटकन म्हणतो. खरी अडचण दिसण्याचीच असते. धावपट्टी शोधणाऱ्या डोळ्याला धावपट्टी सापडली की मन मोकळं होतं. मग यंत्रावरचे काटे वेगळं सांगत असले तरी तिकडं कोण बघतो? १२ जानेवारी २०१४ च्या रात्री अमेरिकेत साउथवेस्टच्या विमानानं ब्रॅन्सनऐवजी शेजारच्या छोट्या विमानतळाचे दिवे पाहिले आणि तिथंच उतरलं. पट्टी ३,७३८ फुटांची. टोकाशी कसंबसं थांबलं. जागा दाखवणारी यंत्रं त्यांच्यासमोर चालू होती.

लंडनकरांनी यावर काढलेला उपाय मला फार आवडतो, कारण तो थेट आमच्या वळणाचा आहे. हीथ्रोशेजारी नॉर्थोल्ट हा हवाई दलाचा तळ. ऑक्टोबर १९६० मध्ये पॅन अॅमचं बोइंग ७०७ हीथ्रो समजून नॉर्थोल्टला उतरलं. दोन्हीकडे जाताना वाटेत गॅसच्या भल्यामोठ्या टाक्या लागत. मग एकीवर हीथ्रोसाठी ‘एलएच’ आणि दुसरीवर नॉर्थोल्टसाठी ‘एनओ’ अशी प्रचंड अक्षरं रंगवली. म्हणजे काय, लाड आणि घाडगे! खुणेची पाटी मुक्कामावर लावून काय उपयोग, ती वाटेवर हवी, हे दोन कारंजांच्या लोकांना कधीचं ठाऊक आहे.

आता उपग्रह आहेत, रेडिओच्या अदृश्य धाग्यावरून विमान थेट पट्टीच्या तोंडाशी आणणारी यंत्रणा आहे. तरी एप्रिल २०२१ मध्ये झांबियातल्या एन्डोलाला इथिओपियन एअरलाइन्सचं मालवाहू विमान बांधकाम चालू असलेल्या नव्या विमानतळावर उतरलं. जुना, चालता विमानतळ बाजूला राहिला.

मुंबईलाही आता नवा शेजारी आला आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं. नावात ‘नवी’ हे बिरुद जन्मापासूनच आहे, ही चांगली सोय. पण वैमानिक आकाशातून नाव वाचत नाही. त्याला दिसते ती पट्टी आणि अगदी जवळ आल्यावर टोकाचा आकडा. नवी मुंबईचा आकडा ०८. जुहूचाही तोच.