प्रयोगशाळेतून राजभवनात : डॉ. अख्लाकुर रहमान किदवई

राज्यपालांचे काम काय, असे आम्ही नागरिकशास्त्राच्या तासाला विचारले की मुले पाठ केलेले उत्तर देतात : 'मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने कारभार करणे.' उत्तर बरोबर असते, आम्ही मार्कही देतो. पण मंत्रिमंडळाचा प्रमुखच आरोपी असेल, तर सल्ला कोणाचा घ्यायचा?

जून १९९७ मध्ये बिहारच्या राज्यपालांपुढे नेमका हाच पेच होता. चारा घोटाळ्यात मुख्यमंत्री लालूप्रसाद यादव यांच्यावर खटला भरण्यासाठी सीबीआयने परवानगी मागितली होती. लालूप्रसादांसोबत चार वर्षे काम केलेल्या किदवई साहेबांनी ती दिली. पुढच्या महिन्यात मुख्यमंत्र्यांनी राजीनामा दिला आणि राबडीदेवींना शपथ दिली तीही किदवई साहेबांनीच. घरातून घरातच गेलेली ती खुर्ची आम्हाला तेव्हाही पटली नव्हती; पण बहुमत असलेल्याला शपथ देणे हेही राज्यपालांचेच काम!

किदवई साहेब मुळात आमच्यासारखेच मास्तर. १९२० मध्ये उत्तर प्रदेशातील बाराबंकी जिल्ह्यात जन्म, तालीम दिल्लीच्या जामिया मिल्लियात. तिथे कुलगुरू होते डॉ. झाकिर हुसेन. पुढे हे उस्ताद आणि शागीर्द दोघेही बिहारचे राज्यपाल झाले. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठातून पीएच.डी. घेऊन किदवई साहेब परतले आणि अलीगढला रसायनशास्त्र शिकवू लागले.

राज्यपालपद त्यांनी सोळा वर्षांहून अधिक काळ सांभाळले : बिहार दोनदा, मग पश्चिम बंगाल, शेवटी २००४ ते २००९ हरियाणा. मधल्या काळात ते राज्यसभेतही होते. २००७ मध्ये आपल्या प्रतिभाताई पाटील राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीसाठी राजस्थानचे राज्यपालपद सोडून गेल्या, तेव्हा तिथला जादा कार्यभारही काही आठवडे त्यांच्याकडे आला. २०११ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले. २०१६ मध्ये त्यांचा इंतकाल झाला.

आमच्या मते मात्र त्यांच्या कारकिर्दीतले मोठे काम राजभवनाच्या आधीचे. १९७४ मध्ये ते यूपीएससीचे अध्यक्ष झाले. त्यांच्याच काळात, १९७६ मध्ये, आयोगाने नेमलेल्या डॉ. कोठारी समितीचा अहवाल आला. त्यानुसार १९७९ पासून वैकल्पिक विषयांचे पेपरही मराठी, उर्दू अशा भाषांत लिहिता येऊ लागले. इंग्रजीचा एक पेपर तेवढा सक्तीचा राहिला.

आमची दहावीची मुले अजूनही विचारतात, "सर, ती परीक्षा इंग्रजीतच असते ना?"