मनोऱ्यातले कागद

१ नोव्हेंबर १७५५. ख्रिस्ती धर्मातल्या सर्व संतांचा सण, त्यामुळे लिस्बनमधली चर्चेस सकाळपासून माणसांनी भरलेली. साडेनऊच्या सुमारास जमीन हादरली. मागोमाग तेजो नदीतून समुद्राच्या लाटा शहरात घुसल्या आणि नंतर लागलेली आग कित्येक दिवस धुमसत राहिली. नदीकाठचा राजवाडा गेला, त्यातलं ग्रंथालय गेलं आणि पूर्वेकडच्या व्यापाराचा कारभार पाहणाऱ्या ‘काझा दा इंडिया’ या कचेरीचं दप्तरही गेलं. वास्को द गामापासून अडीच शतकं लिस्बनमध्ये साठत आलेला हिंदुस्थानविषयक कागद त्या आगीत बहुतांश राख झाला.

टेकडीवरच्या किल्ल्यातला एक मनोराही त्याच दिवशी कोसळला. त्याचं नाव तोर्रे दो तोंबो, म्हणजे नोंदवह्यांचा मनोरा. पोर्तुगालच्या राजांची सनदापत्रं, तह आणि जमिनीच्या नोंदी निदान १३७८ पासून तिथे ठेवल्या जात. मनोरा पडला, पण आग तिथवर पोहोचली नाही. कागद दगडांखाली गाडले गेले, जळाले मात्र नाहीत. दप्तराचे मुख्य अधिकारी मानुएल दा माया तेव्हा ७८ वर्षांचे होते. पेशाने ते लष्करी अभियंता, लिस्बनला पाणी आणणाऱ्या जलसेतूच्या कामातले एक प्रमुख. त्यांनी ढिगारा उपसायला लावला, किल्ल्यातच लाकडी खोपटं उभारून कागद त्यात हलवले आणि पुढे १७५७ मध्ये सगळं दप्तर साव बेंतोच्या मठात नेलं. तिथे ते १९९० पर्यंत होतं. त्याच सुमारास उद्ध्वस्त लिस्बनची नवी आखणी कशी करावी याचे प्रस्तावही हाच म्हातारा लिहीत होता. पोर्तुगालच्या इतिहासकारांनी या माणसाचे जितके आभार मानावेत तितके थोडेच.

या दप्तराचं मोठं नुकसान मात्र भूकंपाच्या तीनशे वर्षं आधीच होऊन गेलं होतं, तेही चांगल्या हेतूने. १४५९ मध्ये राज्यातल्या प्रतिनिधींच्या सभेत तक्रार झाली, की जुन्या नोंदवह्यांच्या पसाऱ्यात हवं ते सापडत नाही आणि शोधायला पैसे फार पडतात. तेव्हाचे दप्तरप्रमुख गोमिश यानिश द झुरारा यांनी कामाचं वाटलं तेवढं नव्या वह्यांत उतरवून घेतलं आणि बाकीचं जाऊ दिलं. काय कामाचं, हे त्या वेळच्या गरजांनी ठरलं. शेतकऱ्यांचे, कारागिरांचे, किरकोळ तंट्यांचे किती कागद त्यात गेले याचा हिशेब आता लागायचा नाही. पुढे १५०४ पासून राजा मानुएलने जुन्या कागदांच्या सुबक, चित्रांनी सजवलेल्या नकला करवल्या. त्या वह्या आजही डोळ्यांचं पारणं फेडतात. पण अभ्यासकाला विचाराल तर तो मळका, कसर लागलेला मूळ कागदच मागेल.

अशाच एका दप्तराची गोव्यात गरज पडली ती १५९५ मध्ये. स्पेनचा दुसरा फिलिप तेव्हा पोर्तुगालचाही राजा होता. त्याने गोव्यातही तोर्रे दो तोंबो उभारायचा हुकूम दिला आणि दियोगु दु कोतु या बखरकाराला त्याचा प्रमुख नेमलं. १६१६ मध्ये गोव्यातच मरण येईपर्यंत कोतु या कामात होता. आजच्या गोवा पुराभिलेखागाराची परंपरा तिथून सुरू होते.

इथला खरा खजिना म्हणजे ‘मोन्सोंइश’च्या, म्हणजे मोसमाच्या वह्या. लिस्बनहून जहाजं मार्च-एप्रिलमध्ये निघत आणि वारा साथ देईल तर सप्टेंबरच्या आसपास गोव्याला लागत. परतीची जहाजं डिसेंबर-जानेवारीत सुटत. राजाने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर त्याच्या हाती पडायला दीड वर्ष सहज जाई. जहाज बुडण्याची धास्ती कायमची, म्हणून एकाच पत्राच्या दोन-तीन प्रती वेगवेगळ्या जहाजांनी जात. वर्षाचा हा सारा पत्रव्यवहार एकत्र बांधला जाई: राजाचं पत्र आणि त्याच्याच सोबत व्हाइसरॉयच्या उत्तराचा मसुदा. वही उघडली की प्रश्न आणि जबाब शेजारी शेजारी भेटतात. लिस्बनची कचेरी जळाल्यावर या वह्यांचं मोल किती वाढलं असेल!

१७७७ च्या सुमारास यांतल्या ६२ वह्या लिस्बनला नेल्या गेल्या. त्या मुख्यतः सतराव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या. आपल्या दृष्टीने नशीब असं, की शिवाजी महाराजांच्या आणि त्यानंतरच्या काळातल्या वह्या गोव्यातच राहिल्या. डिसेंबर १६६७ चा महाराजांशी झालेला तह, १६८३ ची संभाजी महाराजांची गोव्यावरची स्वारी, १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी जिंकलेली वसई, या सगळ्यांची शत्रूच्या बाजूने लिहिलेली हकिगत या दप्तरात आहे. शेजारच्या राजांशी झालेल्या पत्रव्यवहाराच्या वह्या वेगळ्या. घाबरलेला माणूस वरिष्ठांना पत्र लिहितो तेव्हा पुष्कळ खरं बोलून जातो. मराठ्यांच्या ताकदीचा अंदाज घेताना मला दरबारी स्तुतीपेक्षा ही घाबरी पत्रं अधिक भरवशाची वाटतात.

ती पत्रं मराठी वाचकापर्यंत आली ती पांडुरंग सखाराम शेणवी पिसुर्लेकरांमुळे. गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या पिसुर्ले गावात १८९४ मध्ये जन्मलेला हा माणूस शाळामास्तर होता. पोर्तुगीज लिपीची जुनी वळणं त्यांनी आत्मसात केली आणि १९३०च्या दशकापासून गोव्याच्या दप्तराची सूत्रं सांभाळली. दमट हवा, वाळवी आणि विस्कटलेली बाडं यांच्याशी झगडत त्यांनी आधी कागद लावले, मग छापले. गोव्याच्या राज्यमंडळाच्या १६१८ ते १७५० च्या बैठकांचे ठराव त्यांनी पाच खंडांत आणले. पोर्तुगीजांच्या वतीने मराठे-मोगलांच्या दरबारी जाणाऱ्या हिंदू, मुसलमान, ज्यू आणि पारशी वकिलांवर त्यांचा १९५२ चा ग्रंथ आहे. यांतले कित्येक दुभाषे गोव्यातले शेणवी होते. मोडीतलं पत्र त्यांच्याच हातून पोर्तुगीज भाषेत उतरत असे. ‘पोर्तुगेज-मराठे संबंध’ हे पिसुर्लेकरांचं मराठी पुस्तक पुणे विद्यापीठाने १९६७ मध्ये काढलं आणि दोन वर्षांनी ते गेले.

मला त्यांच्या सगळ्या कामात १९५५ ची दप्तराची मार्गदर्शिका मोलाची वाटते. कुठल्या मालिकेत काय आहे, हे त्यांनी पुढच्या माणसासाठी मांडून ठेवलं. झुरारांनी आपल्याला नको ते टाकलं, पिसुर्लेकरांनी सगळ्याची वाट दाखवली. लिस्बनला गेलेल्या वह्यांची पानं आता संगणकाच्या पडद्यावर घरबसल्या पाहता येतात. ती वाचायला जुनी पोर्तुगीज येणारी मराठी मुलं हवीत, आणि सोबत मोडीही येत असेल तर दुभाष्यांनी केलेली भाषांतरं मूळ पत्रांशी ताडून पाहण्याचं काम त्यांची वाट पाहत आहे.