हातपंप एकच, मग विष एकालाच का बाधते?

सोमल, म्हणजेच आर्सेनिक, हे विष गोष्टीत दुधातून घातले जाते. पश्चिम बंगाल आणि बांगलादेशात मात्र ते लाखो कष्टकऱ्यांच्या पोटात गेले हातपंपाच्या पाण्यातून. तळ्याच्या पाण्याने हगवण लागते म्हणून १९७० च्या दशकात तेथे गावोगाव हातपंप बसले. पाणी दिसायला स्वच्छ. वास नाही, वेगळी चव नाही. १९८३ साली कलकत्त्याचे त्वचारोगतज्ज्ञ डॉ. के. सी. साहा यांनी रोग्यांच्या अंगावरचे डाग व तळहात-तळपायावरचे खरबरीत घट्टे पाहून हे विष ओळखले. तोवर, आणि नंतरही, लोक याला कुष्ठरोग समजत. कित्येक मुलींची लग्ने अडली, सुना माहेरी धाडल्या गेल्या.

पण एकाच घरात, एकाच पंपाचे पाणी पिऊन, एकाच्या अंगावर डाग उठतात आणि दुसऱ्याच्या नाही, असे का? कोणी याला नशीब म्हणेल. आम्हाला ते पटत नाही, कारण याचा हिशेब लागतो.

पोटात आलेल्या आर्सेनिकला आपले यकृत मिथिल नावाचा एक लहान रासायनिक तुकडा जोडते. एकदा जोडला की काम अर्धवट झाले, आणि या अर्धवट मालाचा एक प्रकार मूळ विषापेक्षाही घातक असतो. दुसऱ्यांदा जोडला की ते लघवीवाटे सहज बाहेर पडते. ज्यांच्या लघवीत अर्धवट मालाचे प्रमाण जास्त, त्यांना त्वचेचे विकार व मूत्राशयाचा कर्करोग होण्याचा धोका जास्त आढळला आहे.

आता हे मिथिल येते कुठून? तर अन्नातून. पालेभाज्या व डाळींतले फोलेट, ब-१२ जीवनसत्त्व, प्रथिने. म्हणजे ज्याच्या ताटात नुसता भात आणि मीठ, त्याच्या यकृताकडे भांडवलच नाही! उन्हात राबणारा मजूर पाणीही जास्त पितो, म्हणजे विषाची आवक जास्त आणि जावक कमी. पश्चिम बंगालमधील पाहणीत, वजन प्रमाणापेक्षा फार कमी असलेल्यांत घट्ट्यांचे प्रमाण सुमारे दीडपट निघाले. बांगलादेशात फोलेट कमी असलेल्यांना १२ आठवडे रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड दिले, तर रक्तातील आर्सेनिक सुमारे १४ टक्क्यांनी घटले. नकली गोळी घेणाऱ्यांत फक्त अडीच टक्क्यांनी. २००७ साली हे प्रसिद्ध झाले. आपल्या भगिनींना गरोदरपणी सरकारी दवाखान्यात लोहाची गोळी मिळते, तिच्यात हेच फॉलिक ॲसिड असते.

बाकी कारणेही आहेत. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांचे दुसरे जोडकाम मागे पडते. स्त्रियांचे पुरुषांपेक्षा बरे चालते, गरोदरपणी तर आणखी सुधारते. तरी विष वारेतून बाळापर्यंत पोचतेच. आनुवंशिकताही असते. अर्जेंटिनाच्या डोंगराळ भागातील सान अंतोनियो दे लोस कोब्रेस गावचे लोक पिढ्यान्‌पिढ्या आर्सेनिकचे पाणी पीत आले. हे जोडकाम वेगाने करणारी गुणसूत्रांची ठेवण त्यांच्यात विशेष आढळते, असे २०१५ मध्ये दिसून आले.

मात्र पालेभाजी खाल्ली म्हणून कोणी ते पाणी पिऊ नये. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम आहे. पाणी उकळून आर्सेनिक जात नाही, उलट पाणी आटून ते दाट होते. बांगलादेशात पंप तपासून रंगवले गेले: लाल म्हणजे विषारी, हिरवा म्हणजे पिण्याजोगा. लाल पंप दारात असला, तरी पिण्याचा हंडा हिरव्या पंपावरच भरावा लागतो.