मुंबई विद्यापीठ

विद्यापीठ म्हणजे मोठें कॉलेज, अशी समजूत आमच्या भागांत अद्यापि आढळते. ती अगदींच निराधार नाहीं. पण तिच्यामुळें मूळ गोष्ट झांकली जाते. कॉलेजांत शिक्षक शिकवितात व विद्यार्थी शिकतात. विद्यापीठ अभ्यासक्रम ठरवितें, परीक्षा घेतें, पदवी देतें, आणि जें ज्ञान अद्यापि कोणासच नाहीं तें शोधून काढण्याची सोय करितें. हीं सर्व कामें एका संस्थेनें एकदम अंगावर घेतलीं, असें मात्र झालें नाहीं. मुंबईच्या विद्यापीठाचा इतिहास पाहिला म्हणजे तीं एकामागून एक कशीं येत गेलीं हें चांगलें कळतें. म्हणून त्याची थोडीशी ओळख वाचकांस करून देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

सर चार्ल्स वुड ह्यांनीं १८५४ सालीं हिंदुस्थानांतील शिक्षणासंबंधीं जो प्रसिद्ध खलिता पाठविला, त्यास अनुसरून १८५७ सालीं कलकत्ता, मुंबई व मद्रास ह्या तीन शहरांत विद्यापीठें निघालीं. मुंबईच्या विद्यापीठाची स्थापना १८ जुलै रोजीं झाली. उत्तर हिंदुस्थान त्या वेळीं युद्धानें पेटलेला होता, हें लक्षांत घेतलें म्हणजे ह्या कायद्याचें थोडें नवल वाटतें. नमुना लंडनच्या विद्यापीठाचा घेतला होता. त्यामुळें नव्या विद्यापीठास स्वतःचे वर्ग नव्हते व प्राध्यापकही नव्हते. शिकवावें कॉलेजांनीं आणि पारख करावी विद्यापीठानें, अशी वांटणी होती. पहिली मॅट्रिकची परीक्षा १८५९ सालीं झाली. १८६२ सालीं महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक हे पहिले बी. ए. झाले. पहिल्याच घाणींत असे मोहरे निघावे, हें त्या परीक्षा-यंत्रास मोठेंच भूषण होय.

ह्या परीक्षेचा धाक किती दूरवर पोंचत असे, ह्याची कल्पना आजच्या विद्यार्थ्यांस येणार नाहीं. सिंधपासून कर्नाटकापर्यंत सर्व मुलुख ह्या एकाच विद्यापीठाखालीं होता, आणि मॅट्रिकची परीक्षा त्याचीच होती. समुद्र कधींही न पाहिलेला आमच्या कृष्णाकांठचा मुलगा त्या समुद्राकांठीं काढलेल्या प्रश्नपत्रिकेवर पास किंवा नापास होई, आणि 'मॅट्रिक नापास' ही पदवी जन्मभर वागवी. १९१९ सालीं सांगलीजवळ विलिंग्डन कॉलेज निघालें, तेंही मुंबईसच जोडलेलें होतें.

मुलींची वाट तर अधिकच बिकट. नाशकास १८६६ सालीं जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी ह्या मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या महिला पदवीधर. पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत त्यांनीं उत्तम यश मिळविलें; परंतु विलायतेस जाण्याची शिष्यवृत्ति स्त्रीस देतां येत नाहीं, असें त्यांस सांगण्यांत आलें. पुढें लोकांनीं वर्गणी करून त्यांस ऑक्सफर्डला पाठविलें, व १८९२ सालीं तेथील कायद्याच्या परीक्षेस बसणाऱ्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या.

आतां इमारतींकडे वळूं. फोर्टमधील दीक्षांत-सभागृह सर कावसजी जहांगीर ह्यांच्या देणगीचें, आणि ग्रंथालय व त्यावरील राजाबाई मनोरा प्रेमचंद रायचंद ह्यांच्या देणगीचे. दोहोंचे आराखडे इंग्लंडांतील सर गिल्बर्ट स्कॉट ह्यांनीं काढले. ते स्वतः मुंबईस कधींच आले नाहींत. मनोरा १८७८ सालीं पुरा झाला. त्याची उंची सुमारें २८० फूट आहे. प्रेमचंदांचा पैसा कापसाचा. अमेरिकेंत १८६१ ते १८६५ युद्ध चाललें असतां विलायतेच्या गिरण्यांस आपल्याकडील कापूस लागला, व मुंबईंत सोनें वाहूं लागलें. युद्ध थांबतांच तें वाहून गेलें, आणि प्रेमचंदांचेंही दिवाळें निघालें. मातोश्रींच्या नांवाचा मनोरा तेवढा उभा राहिला. मातोश्री जैनधर्मी असून त्यांची दृष्टि गेलेली होती. सूर्यास्तापूर्वीं जेवणाची वेळ टोल्यांवरून कळावी म्हणून हें घड्याळ, असें सांगतात. गोष्ट खरी असो वा नसो, सांगण्यासारखी आहे खरी. त्या काळीं मैदानापलीकडे आगगाडीचा रस्ता आणि लागलीच समुद्र होता. पुढें भरणी घालून इमारती उठल्या व समुद्र दिसेनासा झाला. २०१८ सालीं ह्या वास्तुसमूहास युनेस्कोच्या जागतिक वारशांत स्थान मिळालें.

एका गोष्टीचें आम्हांस विशेष वाटतें. आरंभीं परीक्षांत मराठीस जागा होती. थोड्याच वर्षांत ती काढून संस्कृत, लॅटिन इत्यादि भाषांस दिली गेली. ज्या विद्यापीठाची रोजची भाकर मराठी मुलुखांतून येई, त्यानेंच मराठीस बाहेर उभें करावें! रानड्यांनीं वर्षानुवर्षें सिनेटांत ह्याविरुद्ध खटपट केली. १९०१ च्या सुमारास, ते जग सोडून जाण्याच्या बेतांत असतां, एम. ए. च्या परीक्षेंत देशी भाषांस प्रवेश देण्याचें ठरलें.

संशोधनाचें काम विसाव्या शतकांत आलें. १९१९ सालीं पॅट्रिक गेडिस ह्यांच्या हाताखालीं समाजशास्त्राचा विभाग निघाला, पुढें डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये ह्यांनीं तो नांवारूपास आणला. इरावती कर्वे व एम. एन. श्रीनिवास हे त्यांचेच विद्यार्थी. १९३३ सालीं रसायन-तंत्रशास्त्राचा विभाग निघाला, व त्यांत प्रथम कापडाचें रसायनशास्त्र आणि रासायनिक यंत्रशास्त्र शिकवूं लागले. कारण उघड आहे: मुंबईच्या गिरण्यांस सूत रंगविणारे व धुवून काढणारे जाणते लोक हवे होते. गिरणीचा भोंगा ऐकत वाढलेल्या माधवनगरास हें निराळें सांगावयास नको. तो विभाग माटुंग्यास वाढला, व २००८ पासून स्वतंत्र अभिमत विद्यापीठ झाला.

मुलुख मात्र घटत गेला. १९४९ त पुण्याचें विद्यापीठ सुरू झालें व आमचा भाग तिकडे गेला; १९६२ च्या नोव्हेंबरांत कोल्हापुरास शिवाजी विद्यापीठ निघालें, तेव्हांपासून सातारा व सांगली त्याच्याकडे आहेत. मुंबईकडे आतां मुंबई, ठाणें, पालघर, रायगड, रत्नागिरी व सिंधुदुर्ग, म्हणजे बहुतेक सारी किनारपट्टी राहिली आहे. बरेच विभाग सांताक्रूझजवळ कलिना येथें विद्यानगरींत आहेत, आणि रत्नागिरीस उपकेंद्र आहे. १९९६ सालीं नांवही 'युनिव्हर्सिटी ऑफ मुंबई' असें बदललें.

तथापि परीक्षा घेणें हें आद्य काम अजून त्यास सुटलेलें नाहीं, आणि तें सोपेंही नाहीं. २०१७ सालीं उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याचा उपक्रम घाईनें हातीं घेतला. निकाल महिनोन्महिने लांबले, पुढील प्रवेशासाठीं खोळंबलेल्या विद्यार्थ्यांचे हाल झाले, आणि अखेर कुलपतींनीं कुलगुरूंस पदावरून दूर केलें. १८५९ सालीं कागद हातानें तपासले जात होते. तेव्हांही नापास होणारेच पुष्कळ असत, पण निकाल कळत असे.